तोडफोडीने क्रोध शमतो काय?

महानगरांतून अलीकडे एक नवा व्यवसाय रूढ होऊ पाहत आहे. ठरावीक रक्कम भरून गिऱ्हाइकाने एका बंदिस्त खोलीत शिरावयाचे. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर जाड गॉगल, हातांत मोजे आणि अंगात जाड कापडाचा पोशाख चढवावयाचा. आणि मग बॅट, पहार किंवा हातोडा घेऊन समोर मांडून ठेवलेल्या काचेच्या बाटल्या, बशा, जुने मॉनिटर, निकामी प्रिंटर यांचा चुराडा करावयाचा. वेळ संपली की घाम पुसून बाहेर पडावयाचे. काचा झाडून काढण्याचे काम अर्थातच दुसऱ्या कोणाकडे असते. इंग्रजीत या खोलीस ‘रेज रूम’ म्हणतात. प्रस्तुत लेखात आम्ही तिला ‘तोडफोड-कक्ष’ असे म्हणू.

या प्रकाराचा आरंभ २००८ च्या सुमारास जपानमध्ये झाला असे सांगितले जाते. ते वर्ष जागतिक आर्थिक अरिष्टाचे होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे अमेरिकेत टेक्सास राज्यातील डॅलस येथे, २०१५ मध्ये कॅनडातील टोरंटो येथे, आणि नंतर युरोपातील अनेक शहरांत असे कक्ष निघाले. भारतात हैदराबाद, बंगळूर या शहरांतून ते दिसू लागले आहेत. त्याआधी इंदूरमध्ये निघालेल्या अशाच एका ठिकाणाला तर ‘भडास’ हेच नाव देण्यात आले होते. बहुतेक कक्ष संगणक-व्यवसायाच्या आणि मोठ्या कचेऱ्यांच्या शहरांत निघावेत यात नवल नाही. ज्याला दिवसभर वरिष्ठांपुढे हसतमुख राहावे लागते, त्याला संध्याकाळी काहीतरी फोडावेसे वाटते.

या कक्षांचे चालक दोन दावे करतात. पहिला, हा एक व्यायाम आहे. दुसरा, यामुळे मनावरचा ताण आणि साठलेला राग निघून जातो. पहिल्या दाव्याकडे आम्ही पुढे वळू. दुसऱ्या दाव्याचा विचार अधिक विस्ताराने करणे भाग आहे. कारण त्याच्या मुळाशी क्रोधाच्या स्वरूपाविषयीची एक विशिष्ट कल्पना आहे आणि त्या कल्पनेला पालि साहित्याने फार पूर्वी वेगळे उत्तर दिलेले आहे.

ती कल्पना अशी की, क्रोध हा मनात साठणारा एक पदार्थ आहे. बंद भांड्यात वाफ कोंडावी तसा तो कोंडतो. त्याला वाट करून दिली नाही तर भांडे फुटेल; वाट दिली की दाब उतरेल. पाश्चात्त्य विचारात या कल्पनेची परंपरा मोठी आहे. अ‍ॅरिस्टॉटलने शोकांतिकेच्या संदर्भात ‘कॅथार्सिस’ हा शब्द वापरला, त्याचा एक अर्थ शुद्धी किंवा विरेचन असा होतो. १८९५ मध्ये व्हिएन्नामधील योसेफ ब्रॉयर आणि सिग्मुंड फ्रॉइड यांनी हिस्टेरियावरील आपल्या ग्रंथात हीच संज्ञा उपचारपद्धतीसाठी योजिली. ब्रॉयर यांची एक रुग्ण, जी ‘अ‍ॅना ओ.’ या नावाने प्रसिद्ध आहे, ती आपल्या मनातले बोलून टाकण्याच्या या उपचाराला विनोदाने धुराडे साफ करणे म्हणत असे. येथे एक सूक्ष्म भेद आहे. त्या रुग्णेने बोलून मन मोकळे केले होते, काही फोडले नव्हते. बोलण्याचे रूपांतर ठोसे मारण्यात आणि बाटल्या फोडण्यात झाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, लोकप्रिय मानसशास्त्राच्या हातून.

आपल्या मराठीतही ही कल्पना अनोळखी नाही. आपण ‘राग बाहेर काढला’ म्हणतो, ‘मनातली मळमळ ओकली’ म्हणतो. पण मराठीत क्रोधाची दुसरी प्रतिमाही तितकीच जिवंत आहे. तळपायाची आग मस्तकात जाते, माणूस आग पाखडतो, डोक्यात राख घालून घेतो, रागाने जळतो. या दोन प्रतिमांमधील अंतर वाचकांच्या ध्यानात आले म्हणजे प्रस्तुत विषयाचे मर्म हाती आले असे म्हणता येईल. वाफेला वाट दिली की वाफ कमी होते. आगीला वाट दिली, वारा दिला, काही जाळावयास दिले, तर ती वाढते. क्रोध वाफेसारखा की आगीसारखा, हा येथे केवळ अलंकाराचा प्रश्न नाही. उपाय कोणता करावयाचा ते त्यावरून ठरते.

पालि साहित्याचा कौल निःसंदिग्धपणे आगीच्या बाजूने आहे. गयासीस येथील प्रसिद्ध उपदेशात राग, दोस आणि मोह या तीन अग्नींनी सर्व इंद्रिये पेटलेली आहेत असे सांगितले आहे. (पालितील ‘राग’ म्हणजे आसक्ती, मराठीतील ‘राग’ म्हणजे पालितील ‘दोस’ किंवा ‘कोध’. नवख्या अभ्यासकाचा येथे हमखास गोंधळ होतो.) ‘उपादान’ हा शब्द आपण सहसा आसक्ती, घट्ट धरून ठेवणे या अर्थी वाचतो, पण त्याचा दुसरा साधा अर्थ सरपण, इंधन असा आहे. मज्झिमनिकायातील अग्गिवच्छगोत्त सुत्तात विझलेली आग कोठे गेली असा प्रश्न निघतो, तेव्हा उत्तर मिळते ते असे की, गवत-लाकडे संपली, नवी घातली नाहीत, म्हणून ती विझली. निब्बान या संकल्पनेच्या मुळाशीही हेच चित्र आहे. या दृष्टीने क्रोधाला बाहेर काढून संपवावयाचे नसते, त्याचे सरपण थांबवावयाचे असते.

बुद्धघोसाचार्यांनी विसुद्धिमग्गात दोसाचे लक्षण सांगताना डिवचलेल्या सर्पाच्या उग्रपणाची उपमा दिली आहे, आणि त्याचे कार्य सांगताना दोन उपमा योजिल्या आहेत. एक, अंगात भिनत जाणाऱ्या विषाची. दुसरी, ज्या रानाच्या आधाराने पेटतो त्याच रानाला जाळणाऱ्या वणव्याची. त्याच ग्रंथात मेत्ताभावनेच्या प्रकरणात म्हटले आहे की, दुसऱ्यावर फेकण्यासाठी ज्याने निखारा हातात घेतला त्याचा हात आधी भाजतो. तोडफोड-कक्षाच्या चालकाने याला असे उत्तर द्यावे की, आमच्याकडे निखारा कोणावर फेकला जातच नाही, तो भिंतीवर फेकला जातो. उत्तर चतुराईचे आहे. पण हात भाजण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

आता आधुनिक प्रयोग काय सांगतात ते पाहू. पालि ग्रंथांत एखादी गोष्ट सांगितली आहे एवढ्यावरून ती शास्त्रीय ठरत नाही. तसे म्हणण्याची जी घाई अनेक लेखक करतात ती आम्हांस मान्य नाही. प्रयोगांचा निवाडा प्रयोगांनीच व्हावयास हवा.

१९५९ मध्ये हॉर्नबर्गर या संशोधकाने काही लोकांचा मुद्दाम अपमान घडवून आणला. त्यांतील काहींना नंतर दहा मिनिटे खिळे ठोकण्याचे काम दिले, काहींना दिले नाही. वाफेचा सिद्धांत खरा असता तर खिळे ठोकणाऱ्यांचा राग उतरावयास हवा होता. प्रत्यक्षात अपमान करणाऱ्याविषयी त्यांचीच वृत्ती अधिक वैराची आढळली.

यापुढचे महत्त्वाचे काम ब्रॅड बुशमन यांचे. १९९९ मध्ये बाउमायस्टर आणि स्टॅक यांच्या सहकार्याने त्यांनी दाखविले की, राग बाहेर काढल्याने बरे वाटते असा मजकूर वाचावयास दिलेल्या व्यक्ती ठोसे मारण्याची पिशवी पसंत करतात. आणि ती बडवून झाल्यावर त्यांची आक्रमकता घटत नाही, उलट वाढलेली दिसते. म्हणजे उपायावर विश्वास असूनही उपाय लागू पडला नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग अधिक काटेकोर होता. ६०० विद्यार्थी घेतले, निम्मे पुरुष, निम्म्या स्त्रिया. प्रत्येकाने एक निबंध लिहिला. दुसऱ्या एका सहभागी व्यक्तीने, जी वस्तुतः अस्तित्वातच नव्हती, त्या निबंधावर अत्यंत झोंबणारा शेरा मारल्याचे त्यांना दाखविण्यात आले. मग तीन गट केले. पहिल्या गटाने त्या टीकाकाराचा चेहरा मनात आणून पिशवीला ठोसे मारले. दुसऱ्या गटाने आपले शरीर सुदृढ होत आहे असा विचार करीत ठोसे मारले. तिसरा गट दोन मिनिटे नुसता बसून राहिला. त्यानंतर सर्वांना त्या टीकाकाराला कर्कश आवाज ऐकवून त्रास देण्याची संधी देण्यात आली.

सर्वांत अधिक संतप्त आणि सर्वांत अधिक आक्रमक ठरला तो पहिला गट. सर्वांत कमी आक्रमक ठरले ते, ज्यांनी काहीही केले नव्हते. दुसरा गट या दोहोंच्या मध्ये राहिला. आपल्या निबंधाच्या शीर्षकात बुशमन यांनी राग बाहेर काढणे ज्वाळेला खाद्य पुरविते की ती विझविते असा प्रश्न विचारला आहे. त्यांनीही आगीचीच प्रतिमा निवडावी हा योगायोग खरा. पण अर्थपूर्ण योगायोग आहे.

२०२४ मध्ये सोफी क्यार्विक आणि बुशमन यांनी ओहायो स्टेट विद्यापीठातून अशा १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांतील सहभागींची संख्या १०,१८९ होती. तोडफोड-कक्षांची वाढती लोकप्रियता हे या आढाव्यामागील एक निमित्त होते. निष्कर्ष स्पष्ट आहे. शरीराची उत्तेजना उतरविणाऱ्या क्रिया, म्हणजे दीर्घ श्वसन, स्मृतीचा अभ्यास, ध्यान, स्नायू क्रमाने सैल करणे, संथ योगासने, यांनी क्रोध कमी होतो. उत्तेजना वाढविणाऱ्या क्रियांचा एकंदरीत परिणाम जवळजवळ शून्य आहे. नुसत्या धावण्याने तर क्रोध वाढण्याकडे कल दिसला. चेंडूच्या खेळांत मात्र क्रोध उतरलेला आढळला. खेळात गंमत असते, सोबती असतात, मन दुसरीकडे जाते, हे त्याचे कारण असावे.

असे का व्हावे? १९६२ मध्ये शाक्टर आणि सिंगर यांनी मांडलेला सिद्धांत या आढाव्यास आधारभूत आहे. भावना दोन घटकांनी बनते, एक शरीरातील उत्तेजना आणि दुसरा त्या उत्तेजनेला मनाने दिलेला अर्थ. त्यांच्या मूळ प्रयोगावर पुढे पुष्कळ आक्षेप आले. पण दोन घटकांचा विचार उपयुक्त ठरला. नाडी धावते, श्वास फुलतो, हात थरथरतात. आणि मन म्हणते, ‘हा त्या अमक्याचा राग’. तोडफोड-कक्षात दोन्ही घटकांना एकाच वेळी खतपाणी मिळते. हातोड्याने नाडी वाढते, आणि काही ठिकाणी तर ज्याचा राग आहे त्याचा फोटो समोर चिकटविण्याची मुभा असते. वेदना आणि सञ्ञा यांच्या संयोगातून चित्त कसे घडते याचे विश्लेषण ज्यांनी अभिधम्मात वाचले आहे, त्यांना ही मांडणी अगदीच परकी वाटणार नाही. तथापि दोन्ही एकच आहेत असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

येथे कोणी म्हणेल, ‘पण बाहेर आल्यावर बरे वाटते, ते खोटे काय?’ खोटे मुळीच नाही. थकल्यावर स्नायू सैल पडतात, मित्रांसोबत हशा पिकतो, एरवी मना असलेली गोष्ट बिनधोक केल्याचा आनंद होतो. घरी एक कप फुटला तरी हळहळणाऱ्या माणसाला पन्नास बाटल्या फोडावयास मिळणे ही चैनच होय. करमणूक म्हणून कोणी तेथे जात असेल तर त्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. अडचण निराळीच आहे. बरे वाटले म्हणूनच ती क्रिया पुन्हा करावीशी वाटते, आणि राग आला की फोडावे हा धागा मनात घट्ट होतो. मज्झिमनिकायातील द्वेधावितक्क सुत्ताचा आशय असा की, ज्या विषयाचा माणूस वारंवार वितर्क करतो त्याच दिशेला त्याच्या चित्ताचा उतार बनतो. पट्ठानातील चोवीस प्रत्ययांत ‘आसेवन’ नावाचा एक प्रत्यय आहे. आधीच्या क्षणाने पुढील क्षणाला पुनरावृत्तीचे बळ देणे असा त्याचा अर्थ. तोडफोड-कक्षात पैसे देऊन जे घेतले जाते ते आसेवन आहे.

क्रोधासाठी पालिमध्ये जे अनेक शब्द आहेत त्यांचा थोडा परामर्श येथे घेतला पाहिजे. ‘कोध’ म्हणजे उसळणारा राग. ‘उपनाह’ म्हणजे त्यानंतर बांधून ठेवलेला राग. ‘नह्’ म्हणजे बांधणे या धातूपासून हा शब्द आला आहे. मराठीत आपण त्याला डूख म्हणू. ‘पटिघ’ आणि ‘आघात’ हे दोन्ही शब्द ‘हन्’ या मारणे अर्थाच्या धातूपासून आलेले आहेत. म्हणजे या भाषेने क्रोधाला नावच ‘आदळणे’ असे दिले आहे. तोडफोड-कक्षाची जाहिरात कोधाच्या नावाने होते, पण व्यवहार उपनाहाशी असतो हे लक्षात घेतले पाहिजे. राग आल्या क्षणी कोणी तेथे पोहोचत नाही. वेळ ठरवावी लागते, पैसे भरावे लागतात, वाहनांच्या गर्दीतून जावे लागते. तोवर कोध बहुधा निवालेला असतो. मग फोटो लावून, आरडाओरडा करून, मोठे संगीत लावून तो पुन्हा पेटवावा लागतो. विझत आलेल्या चुलीवर फुंकणी घेऊन बसण्यासारखा हा प्रकार आहे.

आघाताची कारणे, ‘आघातवत्थु’, नऊ मानलेली आहेत. त्याने माझे अनिष्ट केले, तो करीत आहे, करील. माझ्या प्रिय व्यक्तीचे अनिष्ट केले, करीत आहे, करील. मला अप्रिय असलेल्याचे हित केले, करीत आहे, करील. अंगुत्तरनिकायात यांच्या जोडीला दहावे एक सांगितले आहे, ते म्हणजे अस्थानी कोपणे. अट्ठसालिनीत बुद्धघोसाचार्यांनी त्याची जी उदाहरणे दिली आहेत ती वाचताना हसू आल्यावाचून राहत नाही. पाऊस फार पडतो म्हणून कोणी कोपतो, पडत नाही म्हणून कोपतो. ऊन तापले म्हणून रागावतो, तापले नाही म्हणूनही रागावतो. झाडलोट जमत नाही म्हणून बोधिवृक्षाच्या पानांवर चिडतो. चीवर पांघरता येत नाही म्हणून वाऱ्यावर चिडतो. ठेच लागली म्हणून खुंटावर संतापतो. विहारात राहणाऱ्यांना आचार्यांनी किती जवळून पाहिले होते हे त्यावरून कळते. आणि दीड हजार वर्षांपूर्वीचा तो खुंट आजच्या प्रिंटरचा पूर्वजच नव्हे काय? कागद अडकला की प्रिंटरला चापट मारणारा कारकून आम्ही सर्वांनीच पाहिला आहे.

गंमत बाजूला ठेवली तर मुद्दा गंभीर आहे. तोडफोड-कक्षातील प्रिंटरने कोणाचेही अनिष्ट केलेले नसते. नऊ कारणांपैकी एखाद्यातून उपजलेला क्रोध दहाव्यात वळविणे हीच या व्यवसायाची रीत आहे. वड्याचे तेल वांग्यावर, असे आपल्याकडे म्हणतात. मूळ कारण, मग ते खरे असो वा कल्पित, जागच्या जागी राहते. ते तपासले जात नाही.

याचा अर्थ राग गिळावा, असा घेतला जाण्याची भीती आहे. आणि बौद्ध लेखकांच्या लेखनाचा तसा अर्थ पुष्कळदा घेतलाही जातो. त्यासाठी ककचूपम सुत्तातील वेदेहिकेची कथा पुन्हा वाचावी. सावत्थीतील ही गृहिणी सौम्य आणि शांत म्हणून प्रसिद्ध होती. तिची काळी नावाची दासी कामात तरबेज होती. काळीच्या मनात आले, बाईंना राग मुळातच नाही, की आपण सर्व कामे नीटनेटकी करतो म्हणून तो दिसत नाही? तिने परीक्षा पाहावयाचे ठरविले. एके दिवशी ती उशिरा उठली. बाईंच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा अधिक उशिरा उठली. बाईंनी दुरुत्तरे केली. आणखी उशीर केला तेव्हा बाईंनी दाराचा अडसर उचलून तिच्या डोक्यात घातला. रक्ताळलेल्या डोक्याने काळी शेजाऱ्यांकडे गेली आणि वेदेहिकेच्या सौम्यपणाची कीर्ती तेथेच संपली.

अनुकूल परिस्थितीतील शांतता ही शांतता नव्हे, असा तथागतांचा यातील रोख आहे. क्रोध दिसत नाही म्हणून तो नाही असे होत नाही. तो ‘पटिघानुसय’ म्हणून सुप्त असतो. मात्र अनुशय म्हणजे कोंडलेली वाफ नव्हे. तो साठून फुटत नाही. बीजासारखा असतो, आणि कारण मिळताच अंकुरतो. म्हणून तो ओतून रिकामा करता येत नाही. दाबून ठेवणे आणि बाहेर काढणे हे दोनच पर्याय आहेत असे वाटते ते वाफेच्या चित्रामुळे. आगीच्या चित्रात तिसरा पर्याय दिसतो.

या कथेतील दुसरी गोष्ट आमच्या वाचकांना सांगावी लागणार नाही. अडसर पडला तो दासीच्या डोक्यात. क्रोध वरून खाली वाहतो. कचेरीतला अपमान घरातल्या स्त्रीवर, मुलावर, मोलकरणीवर निघतो. तोडफोड-कक्षाचे समर्थक नेमके येथेच बोट ठेवतात: काळीच्या डोक्यापेक्षा मॉनिटर फुटलेला काय वाईट? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळता येणार नाही. त्या घटकेपुरते पाहिले तर मॉनिटर फुटलेलाच बरा. पण बुशमन यांच्या प्रयोगातील पिशवीही निर्जीवच होती, आणि ती बडवून झाल्यावर माणसावर हात उचलण्याची तयारी कमी झाली नव्हती, वाढली होती. ज्या घरात काळी आहे त्या घरी परतणाऱ्या माणसाने वाटेत अर्धा तास हात चालविण्याचा सराव करून यावे, यात तिचे संरक्षण आम्हांस दिसत नाही.

व्यायामाच्या दाव्याविषयी थोडक्यात. हातोडा चालविल्याने घाम येतो, नाडी वाढते, म्हणून तो व्यायाम आहे हे खरे. व्यायामाने हृदय, झोप आणि एकंदर मनःस्थिती यांना लाभ होतो याविषयी वाद नाही. भिक्खूंसाठी चंकमण सांगितलेलेच आहे. पण क्रोध आणि श्रम एकत्र आणू नयेत असे वैद्यकाचे म्हणणे आहे. ५२ देशांतील १२,४६१ हृदयविकाराच्या रुग्णांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. झटका येण्यापूर्वीच्या एका तासात क्रोध किंवा तीव्र मनःक्षोभ असल्यास धोका दुपटीहून अधिक, जोराचे श्रम केल्यासही दुपटीहून अधिक, आणि दोन्ही एकदम असल्यास तिपटीहून अधिक आढळला. रागाच्या भरात हातोडा चालविणे म्हणजे या दोन्ही गोष्टी ठरवून एकत्र आणणे होय. शिवाय जुन्या पद्धतीच्या फुगीर मॉनिटरच्या काचेत शिसे असते. ते घरात फोडू नये म्हणून सांगितले जाते, आणि येथे मात्र बंद खोलीत पैसे घेऊन फोडावयास दिले जातात.

आता एक प्रश्न उरतो, आणि आमच्या मते तोच सर्वांत जड आहे. क्रोधाचे कारण खरोखरच अन्याय असेल तर काय? शांत श्वास घ्या, हा सल्ला पीडितापेक्षा पीडा देणाऱ्याच्याच सोयीचा नाही काय? याचे उत्तर ग्रंथांत शोधण्यापेक्षा इतिहासात पाहावे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्राशन केल्यानंतर परिषदेस आलेल्या लोकांवर हल्ला झाला, माणसे रक्तबंबाळ झाली. प्रतिहल्ल्यास उत्सुक झालेल्या अनुयायांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आवरले. प्रकरण न्यायालयात गेले, आणि दहा वर्षांनी, १९३७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. त्याच महाडात २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. तेही एका वस्तूचा नाश करणेच होते. पण ते परिषद भरवून, ठराव मांडून, कारणे जाहीर सांगून केलेले होते. तेथे आग कशाला लावावयाची हे आधी ठरले होते. तोडफोड-कक्षात याच्या उलट घडते. ज्याने कामाचे तास वाढविले, वेतन अडविले, अपमान केला, तो तेथे नसतो. आणि पीडित मनुष्य आपला संताप अर्ध्या तासात विकत घेतलेल्या बाटल्यांवर उधळून सकाळी पुन्हा निमूटपणे त्याच खुर्चीत जाऊन बसतो. मालकाच्या दृष्टीने याहून सोयीचे काय असणार? काही कंपन्या आपल्या नोकरांना सहलीप्रमाणे तेथे नेऊ लागल्या आहेत, त्याचे आम्हांस म्हणूनच आश्चर्य वाटत नाही.

क्रोध उतरविणे आणि अन्याय सोसणे या भिन्न गोष्टी आहेत. मग उतरवावयाचा कसा? वितक्कसण्ठान सुत्तात अकुशल वितर्क दूर करण्याचे पाच उपाय क्रमाने दिले आहेत. सुताराने बारीक पाचरेने जाड पाचर बाहेर ठोकावी तसा दुसरा कुशल विषय मनात आणणे हा पहिला. दोष पाहणे, लक्ष न देणे हे पुढचे दोन. चौथ्याची उपमा फार सुंदर आहे. भरभर चालणारा माणूस स्वतःला विचारतो, मी इतक्या घाईने का चाललो आहे? तो हळू चालू लागतो. मग, मी चालतो तरी का? तो उभा राहतो. मग बसतो, मग आडवा होतो. स्थूल अवस्था सोडून एकेक सौम्य अवस्था घेत जाणे, हे त्यातील सूत्र. २०२४ च्या आढाव्यात उत्तेजना उतरविणाऱ्या म्हणून ज्या क्रिया दिल्या आहेत, त्यांना याहून चपखल चित्र सापडणे कठीण. दात-ओठ खाऊन मनाला बळाने दाबणे हा उपायही सुत्तात आहे. पण तो पाचवा, बाकीचे चार थकल्यावर करावयाचा.

जपानमधीलच एक अलीकडील प्रयोग येथे नोंदविला पाहिजे. २०२४ मध्ये नागोया विद्यापीठातील कानाया आणि कावाई यांनी विद्यार्थ्यांना अपमानकारक शेरा दाखवून, त्याविषयी मनात आलेले कागदावर लिहावयास सांगितले. ज्यांनी तो कागद टाकून दिला किंवा यंत्रात घालून त्याच्या चिंध्या केल्या, त्यांचा राग जवळजवळ मूळ पातळीवर आला. ज्यांनी तो जपून ठेवला, त्यांचा टिकून राहिला. नागोयाजवळील कियोसु येथील हियोशी देवस्थानात राग आणणाऱ्या गोष्टींचे प्रतीक म्हणून लहान बशा फोडण्याचा ‘हाकिदाशिसारा’ नावाचा वार्षिक उत्सव असतो, त्याचाही उल्लेख संशोधकांनी केला आहे. म्हणजे काहीतरी नष्ट करणे सर्वस्वी निरुपयोगी आहे असे नाही. फरक असा की, लिहिताना कारण शब्दांत मांडावे लागते आणि मग ते सोडून द्यावे लागते. तेथे अंगाला घाम येत नाही.

ज्या व्यक्तीविषयी आघात उत्पन्न झाला तिच्याकडेच कसे पाहावे, याविषयी सारिपुत्तांनी अंगुत्तरनिकायाच्या पञ्चकनिपातात पाच उपमा दिल्या आहेत. रस्त्यावर पडलेले चिंधीचे वस्त्र डाव्या पायाने दाबून, उजव्याने पसरून, त्यातला चांगला तेवढा भाग घेऊन जाणाऱ्या पंसुकूलिक भिक्खूची ही त्यांतील पहिली. शेवाळाने झाकलेले तळे, गाईच्या खुरात साचलेले पाणी, वाटेत आजारी पडलेला एकाकी प्रवासी आणि स्वच्छ पाण्याची पुष्करिणी या उरलेल्या चार. त्यांचा विचार स्वतंत्र लेखात करण्याचा आमचा मानस आहे.